जुना बॉयलर: दुरुस्ती की बदली? ब्रिटनमधल्या मराठी घरांसाठी

दर नोव्हेंबरात आमच्या रेडिंगच्या मराठी ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो: 'बॉयलर बंद पडलाय, घरात लहान बाळ आहे, कोणाच्या माहितीत चांगला इंजिनियर आहे का?' मग फराळाच्या फोटोंच्या अध्येमध्ये फोन नंबर येतात, 'आमच्याकडच्याने इतके घेतले' येतं, 'त्यापेक्षा नवाच घाला' येतं, आणि दोन दिवसांनी उत्तर येतं: 'घातला नवा. तीन हजार गेले.' त्या तीन हजारांत बॉयलरचे किती आणि घाईचे किती, हे कोणी विचारत नाही.

२०२३ साली तो मेसेज माझा होता. घर घेतलं तेव्हा घराबरोबर आलेला, २००७ साली बसवलेला कॉम्बी बॉयलर, म्हणजे नळाचं पाणी आणि घरातले रेडिएटर दोन्ही गॅसवर तापवणारं यंत्र. नळाला पाणी कोमट यायला लागलं. पहिला माणूस आला, पुढची पाटी वाचली, झाकण काढायच्या आधीच म्हणाला, 'सोळा वर्षांचा आहे, याच्यावर पैसे घालू नका.' कोट, म्हणजे कामाची सांगितलेली किंमत, २,९०० पौंडांचा. दुसऱ्याने झाकण काढलं, डायव्हर्टर व्हॉल्व्ह (तापलेलं पाणी नळासाठी वापरायचं की रेडिएटरसाठी, ते वळवणारा भाग) बदलला आणि २४० पौंड घेतले. तो बॉयलर आणखी दोन हिवाळे चालला. मग एका जून महिन्यात, तो व्यवस्थित चालू असताना, आम्ही स्वतःहून काढून टाकला. दुरुस्तीही बरोबर होती आणि बदलणंही, असं मला अजून वाटतं. तेव्हा कसा विचार केला, तो क्रमाने लिहिते.

माझ्या आजोळी तांब्याचा बंब होता. तळाला गळायला लागला की तांबटाकडे जायचा आणि झाळून परत यायचा. त्याचं वय कोणी मोजलं नाही. आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या मनात हाच बंब असतो, म्हणून गळका बॉयलर पाच-पाच वर्षं ओढला जातो. उलट काही जण इथे नवे असतात, यंत्र ओळखीचं नसतं, समोरचा 'जुना आहे' म्हणाला की लगेच मान हलवतात. बॉयलरच्या पोटात पंखा, पंप, गॅस व्हॉल्व्ह आणि सर्किट बोर्ड असतं, त्यामुळे तो बंबासारखा पिढ्यान्‌पिढ्या चालणार नाही हे खरं. पण त्याचं वय हे निदान नव्हे.

सगळ्यात आधी: जिथे हिशोब करायचा नसतो

गॅसचा वास आला तर बॉयलरचं पुढे काय करायचं हा विचार नंतर. मीटरजवळचा मुख्य कॉक बंद करा, खिडक्या उघडा, विजेचं एकही बटण चालू किंवा बंद करू नका आणि घराबाहेर येऊन ०८०० १११ ९९९ या क्रमांकावर फोन करा. हा राष्ट्रीय गॅस आपत्कालीन क्रमांक आहे, चोवीस तास चालू आणि मोफत. ते येऊन धोका दूर करतात. बॉयलर दुरुस्त करून देत नाहीत, ते आपलं आपल्याला बघावं लागतं.

वास न येणारा धोका कार्बन मोनॉक्साइडचा. डोकं दुखणं, गरगरणं, मळमळणं, गळून गेल्यासारखं होणं, आणि घराबाहेर पडलं की बरं वाटणं. एकाच वेळी घरातल्या दोघा-तिघांना असं होत असेल तर 'हवा मानवली नाही' म्हणून सोडून देऊ नका. बॉयलर बंद करा, बाहेर पडा, त्याच क्रमांकावर फोन करा आणि डॉक्टरांना दाखवताना आपल्याला कसला संशय आहे ते सांगा. भारतातून आलेले आई-बाबा आपण बहुधा मागच्या छोट्या खोलीत झोपवतो, आणि कित्येक घरांत बॉयलर नेमका त्याच खोलीच्या कपाटात असतो. त्या खोलीत बीएस ईएन ५०२९१ असा शिक्का असलेला अलार्म हवाच. वीस-पंचवीस पौंडांची वस्तू आहे. इंग्लंडमध्ये २०२२ च्या ऑक्टोबरपासून नवा बॉयलर बसवताना असा अलार्म लावणं बंधनकारक आहे, पण जुन्या बॉयलरच्या घरात त्याची गरज जास्त.

बॉयलरच्या अंगावर काजळीचे डाग, ज्योत दिसत असेल तर ती निळीऐवजी पिवळी आणि लुळी, फ्लू पाइपच्या (जळलेला वायू घराबाहेर नेणाऱ्या नळीच्या) सांध्यापाशी डाग: असं काही दिसलं तर बॉयलर बंद ठेवून इंजिनियर बोलवा. बैठकीच्या खोलीत गॅसच्या शेगडीमागे दडवलेला 'बॅक बॉयलर' अजून असेल, तर माझ्या मते तो वयावरूनच बदलावा. या लेखातला तेवढा एकच अपवाद.

आता एक उलट बाजू. 'हा बॉयलर मी कंडेम करतोय' असं कोणी म्हणालं तर शांतपणे लेखी नोटीस मागा. गॅसच्या कामात 'इमिजिएटली डेंजरस' आणि 'ॲट रिस्क' असे दोन ठरलेले शेरे आहेत आणि ते कारणासकट लिहून द्यावे लागतात. निव्वळ जुना आहे म्हणून बॉयलर धोकादायक ठरत नाही. खरा धोका असेल तर लिहून द्यायला कोणी मागेपुढे पाहत नाही.

माणूस घरात घेण्याआधी गॅस सेफ कार्ड, म्हणजे गॅसचं काम करायच्या परवानगीचं ओळखपत्र, बघा. २००९ च्या एप्रिलपासून जुन्या कॉर्गी नोंदणीच्या जागी ही गॅस सेफ नोंदणी आली. कार्डाच्या पुढे फोटो आणि मुदत असते, पण वाचायची असते ती मागची बाजू, कारण कोणकोणत्या कामाची परवानगी आहे ते तिथे लिहिलेलं असतं. शेगडी जोडायची परवानगी असलेल्याला बॉयलर उघडायची असेलच असं नाही. संकोच नको, ते कार्ड दाखवण्यासाठीच असतं.

आपल्या बॉयलरची कुंडली

एका रविवारी चहा घेऊन बॉयलरसमोर उभं राहा. प्रकार ओळखा: नळ सोडला की तिथल्या तिथे पाणी तापवत असेल तर कॉम्बी, कपाटात गरम पाण्याची टाकी असेल तर सिस्टिम बॉयलर, टाकीही आहे आणि माळ्यावर गार पाण्याची छोटी टाकीही आहे, तर जुन्या पद्धतीचा हीट-ओन्ली.

मग खालच्या झाकणामागची किंवा आतली पाटी शोधा. मॉडेल, सिरियल नंबर आणि जी.सी. नंबर यांचा फोटो काढून ठेवा. सिरियल नंबर कंपनीला कळवला की बनवल्याचं वर्ष कळतं. सुटे भाग मिळतात की नाही हे शोधायला जी.सी. नंबर लागतो, आणि कोणी 'याचे पार्ट आता मिळत नाहीत' म्हणालं तर पाच मिनिटांत स्वतः पडताळता येतं. कित्येकदा बॉयलर यंत्र झिजल्यामुळे मरत नाही, कंपनीने त्याचं सर्किट बोर्ड बनवणं थांबवल्यामुळे मरतो. माझ्यासाठी वयापेक्षा हे मोठं.

फ्लूच्या बाहेरच्या तोंडातून थंडीत पांढरी वाफ निघते का, आणि बॉयलरखालून एक प्लास्टिकची नळी नाल्याकडे जाते का, हेही बघा. दोन्ही असेल तर बॉयलर कंडेन्सिंग आहे, म्हणजे बाहेर जाणाऱ्या वाफेतली उष्णताही परत मिळवणारा. इंग्लंड आणि वेल्समध्ये १ एप्रिल २००५ पासून, थोडे अपवाद सोडले तर, बसवलेला प्रत्येक बॉयलर कंडेन्सिंगच असावा लागतो. म्हणजे २००७ चा माझा 'म्हातारा' तत्त्वतः आजच्याच जातीचा होता. हे लक्षात आलं तेव्हा २,९०० च्या कोटातला अर्धा जीव गेला.

घर घेताना मिळालेल्या कागदांत सर्व्हिसच्या नोंदी असतील तर काढा. दरवर्षी सर्व्हिस झालेला पंधरा वर्षांचा बॉयलर, कधीच हात न लागलेल्या आठ वर्षांच्या बॉयलरपेक्षा मला जास्त भरवशाचा वाटतो.

दुखणं बॉयलरचं आहे का?

इथे घाई करू नका. अर्ध्या तक्रारी बॉयलरच्या नसतातच.

रेडिएटर वरून गार आणि खालून गरम असेल तर आत हवा आहे; छोट्या चावीने काढता येते. खालून गार आणि वरून गरम असेल तर तळाशी गाळ बसलाय. गंजाचा काळा, शाईसारखा चिखल. तो नव्या बॉयलरलाही मारणार, म्हणून बॉयलर बदलून हे दुखणं जात नाही. चुंबकी फिल्टर बसवणं, पाणी धुऊन काढणं आणि गंजरोधक औषध घालणं हा त्यावरचा इलाज.

प्रेशर उतरणं ही सगळ्यात कॉमन तक्रार. यंत्रणा गार असताना काटा १ ते १.५ बारमध्ये असावा. वर्षातून एक-दोनदा पाणी भरावं लागलं तर चालतं. दर आठवड्याला भरत असाल तर पाणी कुठेतरी जातंय, आणि प्रत्येक वेळी आत जाणारं ताजं पाणी नवा प्राणवायू घेऊन जातं, म्हणजे नवा गंज. कारणं चार. एखाद्या रेडिएटरचा व्हॉल्व्ह गळतोय, स्वस्त काम. बॉयलरच्या आतल्या एक्स्पान्शन व्हेसलमधली (तापून फुगणाऱ्या पाण्याला जागा देणाऱ्या टाकीतली) हवा गेलीय. तापलं की काटा ३ पर्यंत चढतो आणि गार झालं की शून्याला टेकतो, ही त्याची खूण. बहुतेक वेळा हवा भरून भागतं. सेफ्टी व्हॉल्व्ह झिरपतोय. त्याची तांब्याची नळी भिंतीबाहेर निघते, तिच्या तोंडाला रात्री सैलसर प्लास्टिकची पिशवी बांधा, सकाळी पाणी दिसलं तर चोर सापडला. आणि चौथं, मुख्य हीट एक्स्चेंजरला, म्हणजे ज्योतीची उष्णता पाण्याला देणाऱ्या भागाला, चीर गेलीय. हे मात्र दुखणं मोठं. इंजिनियरला सांगून बॉयलरखालचे व्हॉल्व्ह रात्रभर बंद ठेवून घ्या. तरीही बॉयलरचं प्रेशर उतरलं तर गळती बॉयलरमध्येच आहे, पाइपांमध्ये नाही.

नळाचं पाणी कोमट, पण हीटिंग लावलं की बरं. किंवा भर उन्हाळ्यात भांडी घासताना रेडिएटर तापतायत: डायव्हर्टर व्हॉल्व्ह. शॉवरखाली पाणी मिनिटाला गरम, मिनिटाला गार: बहुधा प्लेट हीट एक्स्चेंजरमध्ये (नळाचं पाणी तापवणाऱ्या छोट्या भागात) क्षार बसलेत. लंडनपासून रेडिंगपर्यंत आपलं पाणी जड आहे. किटलीच्या तळाला जी पांढरी पुटं दिसतात तीच तिथेही बसतात. चहाला आधण आल्यासारखा बॉयलरच घुरघुरतोय: तेच क्षार किंवा गाळ आता मुख्य हीट एक्स्चेंजरमध्ये पोचलाय.

कडाक्याच्या थंडीत सकाळी बॉयलर गुळगुळ आवाज करून बंद पडला, तर आधी बाहेरची पांढरी प्लास्टिक नळी बघा. त्यातलं पाणी गोठलेलं असतं. २०१८ च्या त्या सैबेरियन थंडीत आमच्या गल्लीतले निम्मे बॉयलर असेच 'मेले' होते. कोमट पाण्याची पिशवी नळीवर धरायची, उकळतं पाणी ओतायचं नाही, मग रीसेट. नंतर ती नळी जाड, निदान ३२ मिलिमीटरची करून वर आवरण घालून घ्यायचं. असल्या सकाळी कोणी नव्या बॉयलरचं कोट दिलं तर चहा पाजून पाठवून द्या.

खर्चाचा अंदाज असावा म्हणून, दक्षिण इंग्लंडमध्ये अलीकडे ऐकायला येणारे आकडे मजुरीसकट: डायव्हर्टर व्हॉल्व्ह किंवा प्लेट एक्स्चेंजर १५० ते ३५०, पंखा किंवा पंप २०० ते ४००, सर्किट बोर्ड २५० ते ४५०, मुख्य हीट एक्स्चेंजर ५०० च्या पुढे. नवा कॉम्बी जुन्याच जागी बसवायला साधारण २,००० ते ३,५००.

वीज-गॅसच्या बिलाचं गाजर

'नवा घाला, बिलात पैसे वसूल होतील.' हे वाक्य सगळ्यात जास्त विकलं जातं, तेव्हा पाटी-पेन्सिल घेऊन बसू.

ऑफजेम या नियामक संस्थेने २०२३ साली साधारण घराचा वर्षाचा गॅस ११,५०० युनिट धरला. युनिट म्हणजे किलोवॅट-अवर. दर ६ पेन्स धरला तर ६९० पौंड. रोजचा स्थिर आकार वेगळा, तो बॉयलर बदलून बदलत नाही.

जुना, कंडेन्सिंग नसलेला बॉयलर ७० टक्के कार्यक्षम धरा. घराला प्रत्यक्ष लागली ८,०५० युनिट उष्णता. नवा ९० टक्क्यांनी चालला तर गॅस लागेल ८,९४४. वाचले सुमारे २,५५० युनिट, म्हणजे वर्षाला १५३ पौंड. नव्या बॉयलरला २,८०० घातले तर वसुलीला अठरा वर्षं.

जुना कंडेन्सिंग असेल आणि प्रत्यक्षात ८० टक्क्यांनी चालत असेल, तर बचत वर्षाला ७७ पौंड. वसुलीला छत्तीस वर्षं. तोवर तो नवा बॉयलरही जुना होऊन गेलेला असेल आणि त्याच्यानंतरचाही.

आपल्या बिलावरचे आकडे घालून हे पुन्हा करा. चार बेडरूमचं, गळक्या खिडक्यांचं घर असेल तर चित्र थोडं बदलतं, पण फार नाही. निव्वळ बचतीसाठी चालू बॉयलर काढू नये हे माझं ठाम मत. माळ्यावर २७० मिलिमीटर जाडीचं इन्शुलेशन नसेल तर आधी ते घाला, पैसे लवकर वसूल होतात.

एक फुकटचा प्रयोग

हा भाग वगळू नका, पुढचा सगळा निर्णय यावर उभा आहे.

गॅस जळताना पाण्याची वाफ तयार होते आणि बरीच उष्णता त्या वाफेत अडकते. इडलीपात्राचं झाकण उघडताना वाफ हाताला लागली की गरम पाण्यापेक्षा जास्त चटका बसतो, तो याच उष्णतेचा. कंडेन्सिंग बॉयलर ही वाफ आतच थंड करून तिची उष्णता परत मिळवतो. पण त्यासाठी रेडिएटरमधून परतणारं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली असावं लागतं. बहुतेक घरांत बॉयलर ७५ किंवा ८० अंशांवर ठेवलेला असतो. परतणारं पाणी ६० च्या वर. वाफ तशीच फ्लूमधून बाहेर. पैसे कंडेन्सिंगचे मोजले, काम साध्याचं.

कॉम्बीवर सहसा दोन खुंट्या किंवा दोन आकडे असतात: नळाचं चित्र आणि रेडिएटरचं चित्र. रेडिएटरचा आकडा ६० वर आणा. चार दिवस राहा. घर गरम होतंय? ५५ करा. मग ५०. खोल्या तापायला वेळ जास्त लागेल, म्हणून हीटिंग तासभर आधी लावा. ज्यांच्याकडे गरम पाण्याची टाकी आहे त्यांनी मात्र ६५ च्या खाली जाऊ नये. टाकीतलं पाणी ६० अंशांपर्यंत तापायला हवं, नाहीतर त्यात लिजिओनेला जंतूंची भीती असते.

या प्रयोगाने दोन गोष्टी होतात. जुनाच बॉयलर कमी गॅस खायला लागतो, म्हणजे नव्यातून मिळाली असती त्यातली काही बचत आजच आणि फुकट. आणि जानेवारीच्या हाडं गोठवणाऱ्या आठवड्यात घर ५०-५५ वर उबदार राहिलं, तर हे घर हीट पंपाला जवळजवळ तयार आहे हे कळतं. (हीट पंप म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता विजेवर घरात आणणारं यंत्र. ते बॉयलरपेक्षा कमी गरम पाण्यावर चांगलं चालतं.) नाही राहिलं तर कोणत्या खोलीचा रेडिएटर छोटा आहे तेही कळतं. आमच्याकडे फक्त मुलीची खोली गार राहिली.

आता ठरवा

आठ वर्षांपर्यंतचा बॉयलर असेल तर आधी वॉरंटीचा कागद शोधा. हल्ली ५ ते १० वर्षांची असते, काहींची त्याहून जास्त, पण दरवर्षीची सर्व्हिस झाली असेल तरच चालते. दुरुस्तच करा.

आठ ते पंधरा या वयात दुखणं बघा. पंखा, पंप, व्हॉल्व्ह, सेन्सर हे बदलायचेच भाग आहेत. मुख्य हीट एक्स्चेंजर गेला, तर वॉरंटी नसताना दुरुस्ती करू नये.

पंधरानंतर माझा अडाणी नियम असा: नव्याच्या किमतीच्या चौथाईपर्यंतची एक दुरुस्ती करावी, बारा महिन्यांत दुसरी मोठी आली तर थांबावं. आणि सर्किट बोर्ड फक्त 'रीकंडिशन्ड' मिळतंय असं कळलं, तर चालू असला तरी बदलीची तयारी सुरू करावी. माझ्याकडे तेच झालं. दुसऱ्या हिवाळ्यानंतर जी.सी. नंबर घालून बघितला, नवं बोर्ड कुठेही नव्हतं. म्हणून जून.

जूनच का? कारण उन्हाळ्यात इंजिनियरला वेळ असतो, तुम्हाला तीन कोट घ्यायला वेळ असतो, आणि दोन दिवस गरम पाणी नसलं तर बादलीत किटली ओतून आंघोळ होते. डिसेंबरात घरात सत्तरीचे आई-बाबा कुडकुडत बसलेले असताना कोणालाही घासाघीस करता येत नाही. समोरच्यालाही ते माहीत असतं.

बॉयलर कव्हरची मासिक योजना घेतलेली असेल तर बारीक अक्षरं वाचा. अमुक वर्षांपुढच्या बॉयलरला फक्त 'प्रयत्न करू' एवढीच हमी असते, आणि गाळाने झालेलं नुकसान बहुधा वगळलेलं असतं. महिन्याला वीस पौंड म्हणजे वर्षाला २४०. माझा डायव्हर्टर व्हॉल्व्ह.

भाड्याने राहत असाल तर हा लेख घरमालकाला पाठवा. बॉयलर चालू ठेवणं आणि दरवर्षी गॅस तपासणी करून तुम्हाला प्रत देणं ही त्याची कायदेशीर जबाबदारी आहे. फ्लॅट स्वतःचा असला तरी फ्लू बाहेरच्या भिंतीतून जातो, तेव्हा लीज वाचा आणि फ्रीहोल्डरची (इमारतीच्या मूळ मालकाची) परवानगी आधी घ्या.

गॅसच्या जागी गॅसच?

'गॅस बॉयलरवर बंदी येतेय' हे वाक्य मी दहा वर्षं ऐकतेय. घरातला चालू बॉयलर काढायला लावणारा कोणताही कायदा नाही. भीतीपोटी काही करू नका. पण आज बसवलेला बॉयलर पुढची पंधरा वर्षं भिंतीवर राहणार, म्हणून हीट पंपाचा प्रश्न एकदा तरी प्रामाणिकपणे विचारायला हवा.

इंग्लंड आणि वेल्समध्ये 'बॉयलर अपग्रेड स्कीम'मधून हवेवर चालणाऱ्या हीट पंपाला २०२३ च्या ऑक्टोबरपासून ७,५०० पौंड मिळतात. अर्ज तुम्ही नाही, एमसीएस (अशी यंत्रं बसवणाऱ्यांच्या दर्जाचं) प्रमाणपत्र असलेला इन्स्टॉलर करतो आणि रक्कम कोटातून वजा होते. ३१ मार्च २०२७ पर्यंत त्यावर व्हॅटही शून्य आहे. गॅस बॉयलरवर २० टक्के. स्कॉटलंडची योजना वेगळी, तिथे अनुदानाबरोबर बिनव्याजी कर्जही मिळतं. कोट मागवण्याआधी सरकारी संकेतस्थळावर त्या दिवशीची रक्कम बघून घ्या. साधारण घराला पूर्ण काम बारा-तेरा हजारांच्या आसपास जातं, म्हणजे हातचे पाचेक हजार.

चालवायचा खर्च? वीज गॅसच्या जवळजवळ चौपट महाग, आणि चांगला बसवलेला हीट पंप एका युनिट विजेत तीन ते साडेतीन युनिट उष्णता देतो. जवळपास बरोबरी. हीट पंपासाठीचा खास वीजदर घेतला किंवा छतावर सोलर असेल तर फायदा, वाईट बसवला तर तोटा. गॅसचं कनेक्शनच काढलं तर स्थिर आकाराचे वर्षाला शंभरेक पौंड वाचतात. पण इथे आपली अडचण येते. भाकरी आचेवर फुगवायची, वांगं भाजायचं, तर शेगडी गॅसचीच हवी. शेगडीसाठी कनेक्शन ठेवलं की तो आकार चालूच. आमच्या सासूबाईंनी इंडक्शनला साफ नकार दिला, म्हणून ती बचत आम्ही कागदावरच खोडली.

दुसरी अडचण जागेची. कॉम्बी घेतला तेव्हा टाकी गेली आणि त्या कपाटात बऱ्याच मराठी घरांत देवघर आलं. हीट पंपाला गरम पाण्याची टाकी लागतेच. देव हलवायचे की टाकी माळ्यावर न्यायची, हा प्रश्न घरात हसत सुरू होतो आणि हसत संपत नाही. बाहेरच्या युनिटसाठी मात्र नियम सैल झालेत: इंग्लंडमध्ये २०२५ च्या मे अखेरपासून शेजाऱ्याच्या हद्दीपासून एक मीटर अंतराची अट नाही. आवाजाची मर्यादा आहेच.

प्रयोगात घर ५०-५५ अंशांवर उबदार राहिलं, टाकीला जागा आहे आणि त्या घरात अजून दहा वर्षं राहायचंय, तर हीट पंपाचं एक कोट जरूर घ्या. तीनपैकी दोन गोष्टी नसतील तर गॅस बॉयलर घेण्यात लाजण्यासारखं काही नाही. आम्ही गॅसच घेतला.

नवा घेताना

तीन कोट घ्या, लेखी. ज्याने रेडिएटर मोजले, खोल्या बघितल्या, घराला किती किलोवॅट लागतात याचा हिशोब केला, त्याच्याकडे जास्त लक्ष द्या. ज्याने दारातूनच '३५ किलोवॅट घाला' सांगितलं त्याला सोडा. तीन बेडरूमचं घर तापवायला ६ ते १० किलोवॅट पुरतात. मोठा आकडा लागतो तो नळाच्या पाण्यासाठी: २४ किलोवॅटचा कॉम्बी थंड पाणी ३५ अंशांनी तापवून मिनिटाला सुमारे १० लिटर देतो, ३० चा सुमारे १२. आपल्या भाषेत, १५ लिटरची बादली दीड मिनिटात की सव्वा मिनिटात. एकाच बाथरूमच्या घरात त्या पंधरा सेकंदांसाठी जास्त पैसे मोजू नका. त्याऐवजी विचारा, 'हा बॉयलर कमीत कमी किती किलोवॅटवर चालू शकतो?' हा आकडा जितका खाली, तितका तो चालू-बंद कमी होणार आणि जास्त टिकणार.

कोटात काय काय धरलंय ते लिहून घ्या: आतलं पाणी धुणं, चुंबकी फिल्टर, औषध, गॅसचा पाइप जाड करावा लागणार का, बाहेरची नळी कशी जाणार, जुना बॉयलर कोण नेणार, व्हॅट. इंग्लंडमध्ये २०१८ च्या एप्रिलपासून कॉम्बी बदलताना वेळ आणि तापमानाच्या नियंत्रणाखेरीज आणखी एक बचतीची सोय लावावी लागते. चार पर्यायांपैकी 'वेदर कॉम्पेन्सेशन' मागा. बाहेरच्या हवेप्रमाणे ते पाण्याचं तापमान आपोआप कमी-जास्त करतं. मी केलेला प्रयोग ते रोज करतं. 'हायड्रोजन-रेडी' (पुढे हायड्रोजनवरही चालवता येईल असा) या शब्दासाठी एक पौंडही जास्त देऊ नका.

काम झाल्यावर दोन कागद. बसवणाऱ्याने ३० दिवसांत नोंद केली की बिल्डिंग रेग्युलेशनचं प्रमाणपत्र पोस्टाने येतं. घर विकताना सॉलिसिटर हेच मागतो. आणि कंपनीकडे वॉरंटीची नोंद झाली का, हे स्वतः फोन करून विचारा. बहुतेक कंपन्यांची मुदत तीच, ३० दिवस. आमच्या शेजाऱ्यांना दहा वर्षांची वॉरंटी सांगितली होती. नोंद न झाल्याने ती एकाच वर्षाची निघाली.

इंजिनियर हात धुऊन निघेल तेव्हा एकदा रेडिएटरचा आकडा बघा. आमचा ७५ वर ठेवून गेला होता. दार लागल्यावर मी तो ५५ वर आणला. आता मुलीच्या खोलीत जाड रेडिएटर आहे, तिथेही पुरतं.